फुलांच्या प्रदर्शनाचा रविवार

उमरपाठ, पारशिवनीजवळ
१९ नोव्हेंबर १९७२

ताईले लहानूचा जय भीम. भाऊजीले पण सांगजो.

तुले एक गोष्ट सांगाची आहे, पर हासू नको. विहाराच्या भिंती झाल्या. छपरावर कवेलू पण चढले. मांगच्या बैठकीत गोष्ट निघाली का आतमंधी मूर्ती कोनती ठेवाची. कमेटीचे चंपतराव म्हणे, जयपूरवरून संगमरवराची आणू, दोन-चार वर्षं थांबू. बाकीचे म्हणे, तोवर फोटो लावू. मी मांगं दरवाज्यापाशी बसून होतो. माह्या तोंडून कसं निघालं मले समजलं नाई. मी म्हटलं, "मी घडवतो."

पहिले अंजनाबाई हासली. म्हणे, "लहानू, तुनं जनमभर पाटे-वरवंटे केले. बुद्धाले मिरची वाटाले बसवतं का गा?" सारे हासले. मीबी हासलो. पर घरी आलो अन् रातीच टाकीले धार लावली.

ताई, तुले माहीत आहे, मी बुढ्या वडाराजवळ टाकी-हातोडी शिकलो तवा बाबा किती रागावले होते. पर आज आजूबाजूच्या गावात घर नसेन का जिथं माह्या हातचा पाटा नाई. वरच्या आळीत पण आहे. माह्या हातच्या दगडावर लोक रोज वाटतात, खातात. पर माह्या हातचं असं काही नाई का त्याच्यासमोर कोणी हात जोडून बसन. येवढं एक झालं पाहिजे. मंग मेलो तरी चालते.

आता अडचण ऐक. माह्याजवळ कॅलेंडर आहे. त्याच्यात बुद्ध समोरून दिसते. दगडाले तं मागची बाजू पण राहते ना? पाठ कशी आहे? कान मानेपाशी कुठं लागते? चीवर खांद्यावरून गेलं ते मांगं कुठं उतरते? हे कोणाले इचारू? तुनं मांगं सांगितलं होतं का शाळेचे पोट्टे घेऊन अजबबंगल्यात गेली होती, तिथं दगडाच्या जुन्या मूर्ती आहेत. त्याच्यात बुद्ध आहे का? असन तं मी येतो.

पंचफुला तुले नमस्कार सांगते. मले थोडा खोकला आहे, थंडीचा.

तुहा भाऊ
लहानू


इंदोरा, नागपूर
२७ नोव्हेंबर १९७२

चि. लहानू,
जय भीम.

हसू नको म्हणालास तरी हसले. पण आनंदानं. तुझं पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे मिलमधून थकून आले होते, तरी उठून बसले आणि म्हणाले, "तुझा भाऊ करेल बघ. तो घुम्या आहे, घुमी माणसं करतात."

अंजनाबाईचं मनावर घेऊ नको. मी शिक्षिका झाले तेव्हा तिनंच आईला विचारलं होतं, पोरगी पोरांना शिकवणार की त्यांची नाकं पुसणार. दोन्ही करते, असं तिला सांग.

अजबबंगल्यात बुद्धाची मूर्ती आहे असं आठवतं. खरं सांगू का, मी पन्नास पोरं घेऊन गेले होते. सगळा वेळ माझं लक्ष कोण कुठे हरवतंय याच्याकडेच. मूर्ती होत्या आणि मी त्यांच्यासमोरून चालत गेले, एवढंच. ज्या वस्तूसाठी तू तळमळतोयस तिच्यासमोरून तुझी बहीण पोरं हाकत गेली.

तू जानेवारीत ये आणि पंचफुलाला घेऊनच ये. लग्नाला पंधरा वर्षं झाली, ती नागपूरला दोनदा आली आणि दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. फेब्रुवारीत महाराजबागेत फुलांचं प्रदर्शन भरतं. तेव्हा आलात तर दोन्ही पाहून होईल. पण तू तोवर थांबणार नाहीस, मला माहीत आहे.

आणि खोकला थंडीचा म्हणतोस. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आला होतास तेव्हाही खोकत होतास. तेव्हा थंडी कुठे होती गा?

तुझी ताई
सिंधू


उमरपाठ
१४ जानेवारी १९७३

ताईले जय भीम.

तुले शाळेतून सुट्टी भेटली नाई, अन् तू घरी यायच्या आंधीच आमाले बस पकडा लागली. म्हणून लिहून राहिलो. नाईतर तुह्या मनात येईन, आले अन् न सांगता गेले.

आम्ही दोघं अजबबंगल्यात गेलो. पंचफुलाले पहिले भेव वाटलं. येवढं मोठं दालन, अन् भिंतीच्या कडंनं सारे देव उभे. कोणाचा हात नाई, कोणाचं मुंडकं नाई. ती माह्या कानात म्हणे, "यायले कोणी मारलं व्हय?" मी म्हटलं, कोणी नाई वं, जमिनीतून निघाले. ती म्हणे, "मंग जमिनीनं मारलं."

बुद्ध एका कोपऱ्यात आहे. बसलेला. माह्या छातीयेवढा. ताई, त्याले चेहरा नाई. नाक, ओठ, डोये, सारं झिजून गेलं. गुळाची भेली पाण्यात ठेवल्यावर होते तसं. मी येवढ्या दुरून आलो अन् तोच नाई. मी तिथंच उभा राहिलो. मले रडू आलं असतं.

मंग मी मांगं गेलो.

ताई, पाठ पुरी आहे. काय सांगू तुले. चीवर डाव्या खांद्यावरून असं उतरलं आहे जसं ओलं लुगडं पाठीले चिकटते. अन् मधात कण्याची थोडीशी खोलगट रेघ. ताठ बसला आहे पर आखडून नाई. बसला आहे पर थकून नाई. दगडातून हे काढणारा माणूस कोण असन? त्याचंबी नाव लहानूच असन, कोणाले माहीत.

चौकीदार आला. म्हणे, "हाथ मत लगाना, भैया." मी म्हटलं, "नहीं लगाता." तोबी मांगं आला अन् म्हणे, "सब लोग सामने से देखते हैं. तुम पीछे क्या देख रहे?" मी म्हटलं, "सामने का तो चला गया ना, साब." तो हासला. पंचफुलाले बसाले आपला स्टूल आणून देला. भला माणूस होता.

मी दूर उभं राहून वितीनं माप घेतलं. डोक्यापासून कंबरीपर्यंत, गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत. सारं डोक्यात भरून आणलं. चेहरा मलेच शोधा लागन. वाटंनं मी पंचफुलाले इचारलं, कसा करू? ती म्हणे, "ज्याच्याकडं पाह्यलं का राग जाते, तसा करा." तोंडानं सांगणं सोपं आहे.

आम्ही महाराजबागेत बसणार होतो, पर पंचफुला थकून गेली, म्हणून सरळ बसस्टँडवर गेलो.

नाल्यातून काळा दगड बैलबंडीवर आणला. चार माणसं लागली. मागच्या कोठ्यात उभा केला आहे. बैल आता बाहेर बांधतो. दरवाजा लावून घेतो, नाईतर आळीतले पोट्टे दिवसभर येतात अन् इचारतात, "काका, नाक आलं का?"

लहानू


उमरपाठ
२२ जानेवारी १९७३

सिंधूताईले पंचफुलाचा जय भीम.

माह्यं अक्षर पाहून हासू नका. तिसरीपर्यंतच शिकली. हे पत्र मी चोरून लिहून राहिली. यायले, तुमच्या भावाले, माहीत नाई.

यायनं तुमाले लिहिलं असन का पंचफुला थकली म्हणून बागेत नाई गेलो. मी थकली नव्हती ताई. अजबबंगल्यातून बाहेर निघालो अन् चिंचेच्या झाडाखाली यायले खोकला आला. बसले. थांबेच ना. मंग दुपट्टा तोंडावर धरला. काढला तं लाल. मी ओरडली. यायनं माहा हात घट्ट धरला अन् म्हणे, "ताईले सांगशीन तं माह्या मेल्याचं तोंड पाहशीन." म्हणून मी सांगितलं नाई. आता सांगून राहिली, काहून का नाई सांगितलं तरी तेच पाहा लागन.

हे पहिल्यांदा नाई. दिवाईपासून आहे.

आता हे दिवसभर कोठ्यात असतात. दरवाजा बंद, खिडकीले गोणपाटाचा बोरा लावला. संध्याकाळी बाहेर निघतात तं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. काळ्या दगडाची भुकटी पांढरी कशी निघते ताई? मी आंग धुऊन देते तं पाणी दुधासारखं जाते. मी म्हटलं, दरवाजा तरी उघडा ठेवा. ते म्हणतात, पूर्ण झाल्याबिगर कोणी पाहाचं नाई. पारशिवनीच्या डाक्टरले दाखवू म्हटलं तं म्हणतात, मूर्ती बसू दे, मंग कुठंबी ने.

तुम्ही त्यायले तिकडं बोलवा. मोठ्या दवाखान्यात दाखवा. माह्यं नाव घेऊ नका, नाईतर ते माह्यासंगं बोलणं सोडून देतीन. दुसरं काही कारण सांगा. तुमच्यासाठी ते येतीन. तुमच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाई.

पंचफुला


इंदोरा, नागपूर
३० जानेवारी १९७३

चि. लहानू,
जय भीम.

तुला लिहिणार नव्हते, पण आता इलाज नाही. आठ दिवसांपासून ताप आहे. उठले की चक्कर येते. शाळेत रजा टाकली आहे. हे रात्रपाळीला जातात आणि दिवसा झोपतात, घरात पाणी द्यायला माणूस नाही. तू चार-पाच दिवस येऊन राहा. काम कुठे पळून जात नाही. दगड हजार वर्षं थांबतो, असं तूच म्हणत होतास.

मला भाऊ एकच आहे. मी दुसऱ्या कोणाला हाक मारू?

पत्र मिळताच निघ.

तुझी
सिंधूताई


उमरपाठ
५ फेब्रुवारी १९७३

ताई,

तुह्यं पत्र वाचलं अन् जीव उडाला. पंचफुलाले तसंच बसमंधी बसवून देऊन राहिलो. हे पत्र तिच्याच हाती आहे.

मी येऊन काय करीन सांग? मले ना भाकर थापता येते, ना तुह्यं डोकसं चेपता येते. मी आलो तं तुलेच उठून माह्यासाठी चहा ठेवा लागन. बिमार माणसाजवळ बाई पाहिजे. म्हणून पंचफुलाले धाडतो.

एक सांगतो, मनात ठेवजो. ती येत नव्हती. रडली. म्हणे, "तुम्हीच जा, ताईनं तुमाले बोलावलं." मले तिचं समजलं नाई. सख्खी नणंद बिमार अन् ही दरवाज्यात बसून रडते का मी जात नाई. मी लय रागावलो. असं कधी बोललो नव्हतो तिले. तुह्या घरी ती उदास दिसली तं समजून घेजो.

पाठ झाली. ताई, चांगली झाली. मी स्वतःच्या तोंडानं म्हणतो, चांगली झाली. हात झाले, मांडी झाली. आता चेहऱ्यापाशी आलो. इथं एक जरी घाव चुकला तं सारं गेलं. घरी कोणी नसन तं बरंच आहे, कोणी जेवाले बोलावत नाई, कोणी दरवाजा वाजवत नाई.

तू पुरी बरी हो. तिले घाईनं वापस पाठवू नको.

तुहा
लहानू


इंदोरा, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७३

चि. लहानू,
जय भीम.

आता रागावायला तयार हो. मी आजारी नव्हते. मला ताप नव्हता, चक्कर नव्हती. मी तुला बोलावलं ते तुझ्या छातीसाठी, आणि तू शहाण्यासारखं बायकोला पाठवलंस. ती दारात उभी राहिली आणि मी भाकरी थापत होते. ती पिशवी खाली ठेवून म्हणाली, "आता काय करावं वं ताई?"

तिच्यावर रागावू नको. तिनं सांगितलं नसतं तर काय झालं असतं?

इथले डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून ती इतके दिवस थांबली; आज त्यांना विचारून आले. ते म्हणतात, माणूस पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही, पण दगडाचं काम ताबडतोब बंद करा. ऐकलंस? ताबडतोब. मी तिला उद्या, मंगळवारच्या बसनं पाठवते आहे. तिच्यासोबत तू लगेच परत यायचं. नाही आलास तर मी शाळा सोडून तिथे येईन आणि तुला हाताला धरून आणीन. लहानपणी नदीवरून आणायची तसं.

ती शनिवारीच निघत होती. मीच थांबवलं. म्हटलं, एवढी आलीस तर रविवारी फुलांचं प्रदर्शन पाहून जा. दोन-तीन दिवसांनी काय होतं? तिचा जीव लागत नव्हता. पण महाराजबागेच्या फाटकातून आत गेलो आणि, लहानू, तू तिला पाहायला हवं होतंस. डेलियाची फुलं ताटाएवढी. शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगाच रांगा, जांभळ्या, गंजाच्या रंगाच्या, आणि एक हिरवी. हिरवं फूल पाहून ती माळ्याला विचारते, "हे पिकलं नाही का अजून?" माळी बिचारा हसून हसून बेजार.

पुढे निवडुंगांचा विभाग होता. एका निवडुंगाला पहिलं बक्षीस, वर लाल रिबीन. ती तिथे थांबली. मला म्हणाली, "ताई, हा तं आमच्या वावराच्या धुऱ्यावर आहे. त्याले बकऱ्या पण तोंड लावत नाहीत. त्याले बक्षीस?" आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. लोक वळून पाहायला लागले. मग मीही हसले. दोघी तिथल्या बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तुझ्या लग्नानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. लेकरू गेल्यापासून तर नाहीच.

येताना सीताबर्डीवर तिला हिरव्या बांगड्या भरल्या. तू पाहशीलच.

मूर्ती पूर्ण होईल रे. आधी तू बरा हो.

तुझी खोटारडी
सिंधूताई


उमरपाठ
१३ फेब्रुवारी १९७३

ताई,

शेजारचे आनंदराव आत्ताच नागपूरले निघून राहिले. त्यायच्या हाती हे पत्र देते. आम्ही मागून येतो, जीप भेटली का निघतो. भाऊजीले मोठ्या दवाखान्याच्या फाटकापाशी उभं राहाले सांगा.

मी बसमधून उतरली अन् घरी आली. चूल थंडी. मी करून ठेवलेल्या दशम्या तशाच टोपलीत, दोन-चारच कमी झाल्या. बैल हंबरून राहिले होते, त्यायले पाणी नाई. मी कोठ्यापाशी गेली. दरवाजा आतून लावला होता. हाका मारल्या. आवाज नाई. मी चंपतरावाले बोलावून आणलं. त्यायनं अन् आनंदरावानं खांदा देऊन दरवाजा पाडला.

हे दगडाले टेकून बसले होते. मूर्तीच्या मांडीवर डोकसं. सारं तोंड रक्तानं भरलं होतं अन् त्याच्यावर भुकटी बसून घट्ट झालं होतं. हातोडी हातातच. मले वाटलं गेले. मंग छाती हालली. मले पाहून म्हणे, "आली का वं? ताई कशी आहे?"

ताई, मी काय सांगावं? मी म्हटलं, "बऱ्या आहेत."

मूर्तीले एक डोया झाला आहे. अर्धे ओठ झाले.

श्वास घेतात तं घरघर असा आवाज येते, जात्यासारखा. तुम्हीबी फाटकापाशी या.

पंचफुला


इंदोरा, नागपूर
८ एप्रिल १९७३

चि. पंचफुला,
जय भीम.

तुला गावी जाऊन महिना होत आला. तुझं पत्र नाही. मी दोन पाठवली, त्यांची उत्तरं नाहीत. आनंदराव भेटले तेव्हा म्हणाले, बरी आहे, जेवते, कोणाशी बोलत नाही.

तू इथेही माझ्याशी बोलली नाहीस. दवाखान्यात इतके दिवस आपण दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो, एकाच डब्यातून खाल्लं, आणि तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. घाटावरून आल्यावर तू तुझी पिशवी उचललीस आणि बसस्टँडचा रस्ता विचारलास, तोही यांना. मला नाही.

मी विसरू शकत नाही म्हणून लिहिते. त्या दिवशी तू औषध आणायला खाली गेली होतीस. त्याला बोलवत नव्हतं. मला जवळ बोलावून म्हणाला, "ताई, दुसरा डोया उघडा ठेवू का मिटलेला?" मी म्हटलं, "पहिला कसा ठेवलास?" तो म्हणाला, "अर्धा." मग त्याची बोटं चादरीवर हलत राहिली, टाकी धरल्यासारखी. मी म्हटलं, झोप. बस्स, एवढंच. शिकलेली बहीण, आणि त्याला सांगितलं काय, तर झोप.

माझा भाचा असता तर आज तेरा वर्षांचा असता. तो नाही, लहानू नाही. तू तिथे एकटी काय करतेस? आमच्या शाळेत आयाची जागा रिकामी होते आहे. मी मुख्याध्यापिका बाईंशी बोलले आहे. तू इथे ये, माझ्याजवळ राहा. हेही तेच म्हणतात.

आणि एक. चंपतरावांना माझा निरोप सांग, लहानूची मूर्ती विहारात बसवा. चेहरा अर्धा आहे म्हणून काय झालं? मी मागच्या रविवारी एकटी अजबबंगल्यात गेले होते. त्यानं लिहिलं होतं तसं मागे जाऊन उभी राहिले. तिथल्या बुद्धाला तर अर्धाही नाही, आणि लोक समोर येऊन हात जोडत होते. मी पाहिलं.

मला शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझी
सिंधूताई


उमरपाठ
२० मे १९७३

सिंधूताईले जय भीम.

पत्र लिहाले उशीर झाला. तिन्ही पत्रं भेटली होती.

तुमचा निरोप मी चंपतरावाले सांगितला. ते वाईट माणूस नाईत. माह्यासमोर बसून लेकरासारखे रडले. म्हणे, "वहिनी, लहानूनं जीव देला, मले समजते. पर अर्ध्या तोंडाची मूर्ती कशी मांडू? गाव काय म्हणन? वरच्या आळीतले हासतीन." तेवढ्यात नागपूरच्या कोणी मोठ्या माणसानं संगमरवराची मूर्ती दान देतो म्हटलं. जयपूरची. दोन-चार वर्षं थांबा लागणार होतं, ती दोन महिन्यात आली. यायनं थोडी वाट पाह्यली असती तं काही घडवाची गरजच नव्हती.

पौर्णिमेले ट्रकमधून आणली. बाया गाणे म्हणत समोर गेल्या. मीबी गेली, पांढरं नेसून. मूर्ती सुंदर आहे, खोटं काहून लिहू? पांढरी शुभ्र, दोन्ही डोये, हासरे ओठ. सारे म्हणे, कसं शांत वाटते. अंजनाबाई माह्याजवळ येऊन बसली अन् माहा हात तिनं हातात घेतला. मी मूर्तीकडं पाहत राहिली. राग जाते का पाह्यलं. गेला नाई.

आपला दगड कोठ्यातच आहे. दरवाजा नवा बसवला नाई. पोट्टे येतात, पाहतात, जातात. आता कोणी काही इचारत नाई. दुसऱ्या गावचा एक पाटेवाला आला होता. म्हणे, दगड चांगला आहे, फोडून पाटे निघतीन, मले देऊन टाका. मी नाई म्हटलं. पर नाई म्हणून त्याचं काय करू, हे पण मले माहीत नाई.

तुम्ही आयाच्या जागेचं लिहिलं. तुमचा जीव मोठा आहे. पर मी येणार नाई, ताई. कारण सांगते, मंग पुन्हा बोलवू नका.

तुम्हाले वाटते मी तुमच्यावर रागावली. तुम्ही खोटं लिहिलं म्हणून हे घरी एकले राहिले, असं मी म्हणत असन, असं वाटते तुम्हाले. मीच तं सांगितलं होतं, काही कारण सांगा म्हणून. तुमच्यावर राग असता तं बरं झालं असतं. तुमाले शिव्या देल्या असत्या, रडली असती, सुटली असती.

मी शनिवारी निघत होती. माहा जीव लागत नव्हता. तुम्ही रहा म्हटलं अन् मी राहिली. मले कोणी बांधून नव्हतं ठेवलं. मले फुलं पाहाची होती. खरं लिहिते, माह्या मनात आलं का जनमात एकदा पाहून घेऊ. दवाखान्यात डाक्टरनं मले इचारलं होतं, हा माणूस असा किती दिस बंद खोलीत होता? मी बोटं मोजली. त्या बोटात तो रविवार आला.

मी त्या काट्याच्या झाडाले पाहून हासत होती ना, तवा हे एकले त्या कोठ्यात खोकलत होते. पाणी द्याले कोणी नाई. अन् मी हासत होती. पोट दुखेपर्यंत. लेकरू गेल्यावर मी बारा वर्षं हासली नाई ताई, अन् हासली तं त्या दिवशी. तुमच्या घरात आली का ते हासणं मले ऐकू येईन. त्या बाकावरचं. तुमच्या तोंडाकडं पाह्यलं तरी ऐकू येते, म्हणून दवाखान्यात मी तुमच्याकडं पाहत नव्हती. तुम्ही माह्यासंगं हासल्या होत्या.

बांगड्या घाटावर फोडल्या. तुम्हाले माहीत आहे.

माह्या पोटाची चिंता करू नका. यंदा पाऊसपाणी नाई म्हणून सरकारनं पारशिवनीच्या सडकेचं काम काढलं. आळीतल्या साऱ्या बाया जातात, मीबी जाते. गिट्टी फोडतो. पहिल्या दिवशी हातोडी बोटावर बसली, आता सवय झाली. दिवसभर ऊन राहते अन् भुकटी उडते. मुकादम सज्जन आहे. तो रोज सकाळी साऱ्या बायायले सांगते, बाई, तोंडाले फडकं बांधा, ही भुकटी वाईट राहते. साऱ्या बांधतात.

मी बांधत नाई.

पंचफुला